तीन एक्के आले, पुढे काय?

पोळा आठवड्यावर आला की बुलढाणा जिल्ह्याच्या वृत्तपत्रांत एक ठरावीक मजकूर दिसू लागतो. अमुक शिवारात, लिंबाच्या झाडाखाली, काही इसम ‘एक्का बादशाह’ नावाचा हारजीतीचा खेळ खेळताना मिळून आले. नगदी रक्कम, ५२ ताशपत्ते आणि मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त. कधी ‘एक्का बादशाह’च्या जागी ‘तिर्रट’ असतो. पोळ्याची कर सरली की या बातम्या ओसरतात आणि दिवाळीला पुन्हा डोकं वर काढतात. पंचनाम्यात रक्कम असते, गाड्यांचे नंबर असतात. छापा पडला तेव्हा कोणाच्या हातात कोणती पानं होती, एवढं मात्र कधीच नसतं.

हा लेख त्या पानांबद्दल आहे. पत्त्यांच्या कुठल्याही बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: भारी पानं आली, तर त्यांचं मोल पुरेपूर वसूल कसं करायचं? अमेरिकेत पोकर खेळणाऱ्यांनी या प्रश्नावर जाडजूड पुस्तकं लिहिली. आपल्याकडे तिर्रट, म्हणजे तीनपत्ती खेळणारे तो अंदाजाने सोडवत आले. उत्तर दोन्हीकडे सारखंच निघतं. भारी पानांची कमाई त्या पानांत नसते. समोरच्याच्या हातात काय आहे आणि त्याला ते किती चांगलं वाटतं, यावर ती ठरते.

आधी कायद्याचं सांगून टाकू. महाराष्ट्रात पैसे लावून खेळला जाणारा जुगार १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, पण ती तीनपत्तीला मिळत नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचं मान्य केलं आणि त्याच निकालात तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा ठरवला. मोबाइलवर पैसे लावून खेळायची वाटही आता बंद आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती २२ ऑगस्ट २०२५ ला, आणि त्या वर्षीचा बैलपोळाही त्याच दिवशी होता. तेव्हा खाली जिथे रुपये म्हटलं आहे तिथे वाचकांनी चिंचोके समजावेत. हिशेब तोच राहतो आणि पंचनाम्याची भीती नाही.

किती वेळा येतात?

५२ पानांतून तीन पानं एकूण २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांत ट्रेल, म्हणजे एकाच किमतीची तीन पानं, ५२ प्रकारे. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची ओळीने तीन, ४८ प्रकारे. साधी सिक्वेन्स ७२०, कलर, म्हणजे एकाच रंगाची पण ओळीने नसलेली तीन पानं, १,०९६ आणि जोडी ३,७४४ प्रकारे. उरलेल्या १६,४४० प्रकारांत हातात यातलं काहीच नसतं. एखादा राजा नाहीतर एक्का घेऊन माणूस बसलेला असतो. म्हणजे चारपैकी जवळजवळ तीन डावांत हात रिकामा.

यात एक गंमत आहे. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी नियमाने ट्रेल तिच्या वर बसते. तीन सारखी पानं डोळ्यांत भरतात म्हणून असेल, पण आकडा काही तिच्या बाजूने नाही. दोन्ही मिळून १०० प्रकार होतात. २२,१०० ला १०० ने भागलं की २२१ येतात. आता पोकरकडे पाहा. सध्या जगभर चालणाऱ्या टेक्सस होल्डेम प्रकारात प्रत्येकाला आधी दोन पानं मिळतात आणि सगळ्यात भारी सुरुवात म्हणजे एक्क्यांची जोडी. तीही येते बरोबर २२१ डावांत एकदा. मलकापूरच्या बैठकीतला आणि लास व्हेगासच्या टेबलावरचा माणूस आपापल्या सगळ्यात भारी पानांची सारखीच वाट पाहत असतो.

रात्रभरात शंभर डाव झाले असं धरलं, तरी ट्रेल किंवा प्युअर सिक्वेन्स एकदाही न येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. तीनपैकी जवळजवळ दोन रात्री कोरड्या. इतक्या दिवसांनी आलेली पानं फुकट गेली तर जीव हळहळतो, आणि ती फुकट जातात हेच खरं दुखणं आहे.

तीस, चाळीस, तीस

पाच जण बसले आहेत आणि तुमच्या हातात तीन सत्त्या आहेत असं समजा. बाकीच्या चौघांकडे काय असेल? गणित केलं तर साधारण असं दिसतं. दहापैकी तीन वेळा चौघांपैकी एकाकडेही जोडी नसते. दहापैकी चार वेळा सगळ्यात चांगला हात जोडीचा असतो. आणि दहापैकी तीनच वेळा कोणाकडे तरी कलर किंवा त्याहून वरचं काही असतं.

भारी पानं हाती घेऊन बसलेल्या माणसाने हे तीन आकडे मनात पक्के ठेवावेत. पहिल्या प्रकारात मिळण्यासारखं फारसं नसतंच. बुटाचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने मधे टाकलेले पैसे आणि एखाद्या ब्लाइंड, म्हणजे पानं न पाहता खेळणाऱ्याच्या दोन-चार चाली आल्या तर आल्या. दुसऱ्या प्रकारात जोडीवाला काही चाली सोबत येईल, पण भाव चढला की पॅक होईल, म्हणजे पानं टाकून डाव सोडेल. मोठी कमाई तिसऱ्या प्रकारात असते. तिथे समोरचाही खूश असतो, कारण कलर हाही रोज येणारा हात नाही. आपल्या पानांवर त्याचा भरवसा जितका, तितकी तुमची कमाई.

म्हणून ‘एवढी पानं आली आणि पन्नासच रुपये मिळाले’ ही तक्रार बऱ्याचदा खोटी असते. त्या डावात तेवढेच होते. खेळणाऱ्याची परीक्षा मधल्या आणि शेवटच्या प्रकारात होते आणि आपण नेमक्या कुठल्या प्रकारात आहोत, हे त्याला दिसत नसतं.

हळू जायचं की दुप्पट करायचं?

भारी पानं आली की पहिला मोह गप्प राहण्याचा. नुसती बारीक चाल चालत राहायची, म्हणजे कोणी पळणार नाही. पोकरमध्ये याला स्लो प्ले म्हणतात. कानाला शहाणपणाचं वाटतं. हिशेब काय सांगतो ते पाहू.

तीनपत्तीत पानं पाहून खेळणारा आधीच्या पाहिलेल्या चालीच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. समजा दोघेच उरलेत, दोघांनी पानं पाहिलीत आणि चाल २० ची आहे. दर फेरीला २० च ठेवले, तर पाच फेऱ्यांत समोरच्याकडून १०० येतात. दर फेरीला तुम्ही दुप्पट केली आणि तो नुसता तेवढीच चाल देत राहिला, तर २०, ४०, ८०, १६० आणि ३२० मिळून ६२० होतात. शेवटची एकटी चाल आधीच्या चारांच्या बेरजेपेक्षा मोठी आहे.

आता पहिल्या फेरीनंतर फक्त एक फेरी आळस केला असं धरा: २०, २०, ४०, ८०, १६०. बेरीज ३२० वर आली. नुकसान सुरुवातीच्या वीस रुपयांचं दिसतं, पण प्रत्यक्षात गेली ती शेवटची, सगळ्यात मोठी चाल. दुपटीच्या हिशेबात उशीर नेहमी शेवटच्या टोकाला कापतो. ज्याला सावकाराचं चक्रवाढ व्याज भरावं लागलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अर्थात समोरचा पाचही फेऱ्या थांबेलच असं नाही. म्हणून दुसरा हिशेब लागतो. चालीचा आकडा आणि ती चाल समोरचा देण्याची शक्यता, या दोन्हींचा गुणाकार करायचा. समजा ८० ची चाल तो दहापैकी नऊ वेळा देईल, १६० ची सहा वेळा आणि ३२० ची दोनच वेळा. गुणाकार येतात ७२, ९६ आणि ६४. सगळ्यात जास्त वेळा मिळणारी चाल ८० ची आहे, सगळ्यात मोठी ३२० ची. सरासरीत कमावून देते ती १६० ची. भारी पानं खेळताना माणसं चुकतात ती याच जागी. घाबरट माणूस ८० वर थांबतो, समोरचा पळू नये म्हणून. हावरट ३२० टाकतो, कारण पानं रोज येत नाहीत. दोघेही आपल्या पानांकडे पाहून आकडा ठरवतात. तो ठरवायला हवा समोरच्याकडे पाहून.

समोर कलर असल्याचा वास आला, म्हणजे तो स्वतःहून चाल वाढवतो आहे, तर सरळ दुप्पट करत जावं. तो हटून हटून किती हटेल? पण तो दरवेळी पानं पुन्हा उचलून बघत असेल, पैसे टाकताना हात आखडत असेल, तर जोडी समजावी आणि त्याला परवडेल अशी चाल ठेवावी.

साइड शो आणि ब्लाइंड

तीनपत्तीच्या दोन रिवाजांत भारी पानवाल्याचं नफा-नुकसान दडलेलं असतं. पहिला साइड शो. पानं पाहिलेला खेळाडू आपल्या आधी चाल दिलेल्या, पानं पाहिलेल्या शेजाऱ्याला साइड शो मागू शकतो. दोघं गुपचूप पानं पाहतात आणि हलका हात पॅक होतो. ट्रेल हातात असताना तो आपण मागणं म्हणजे देणाऱ्यालाच दाराबाहेर काढणं. आणि आपल्याकडे मागितला, तर नाकारावा. मागणारा अर्थातच बऱ्यापैकी पानं धरून आहे. तो डावात राहिला तर आणखी चाली देईल. मात्र भारी पानांवरच नकार देण्याची सवय लागली, तर चार डावांत सगळी बैठक ती ओळखते. मग हलक्या पानांवरही अधूनमधून नकार द्यावा लागतो.

दुसरा रिवाज ब्लाइंडचा. पानं न पाहता खेळणारा निम्मी चाल देतो, आणि बहुतेक बैठकांत पाहिलेल्याला त्याच्याकडे शो, म्हणजे पानं उघडून निकाल, मागता येत नाही. ट्रेलवाल्याला असा ब्लाइंड सोबती फार उपयोगी. त्याला आपली पानं ठाऊक नाहीत, त्यामुळे ती हलकी आहेत म्हणून तो पळत नाही. रक्कम निम्म्या गतीने का होईना, वाढत राहते. काही जुने खेळाडू म्हणूनच स्वतः पहिल्या दोन-तीन फेऱ्या नेमाने ब्लाइंड खेळतात. पानं उशिरा पाहिली की आधीच्या चालींवरून कोणाला काही वाचता येत नाही. पुढे हातात ट्रेल निघाली, तरी तोवरची चाल ट्रेलवाल्याची नसते.

गप्प बसणाऱ्याकडे सगळे पाहतात

माइक कॅरो या अमेरिकी खेळाडूने १९८४ मध्ये पोकर खेळणाऱ्यांच्या हावभावांवर एक पुस्तक लिहिलं. त्याचं मुख्य निरीक्षण असं, की नाटक करणारा माणूस बहुधा उलटं नाटक करतो: पानं भारी असली की खांदे पाडतो, हलकी असली की छाती काढतो. वऱ्हाडातल्या बैठकीला हे पुस्तक वाचायची गरज पडली नाही. इतका वेळ कापसाच्या भावावर तावातावाने बोलणारा गडी पानं उचलल्यावर अचानक थंडावला, पानं गुडघ्याखाली जपून ठेवू लागला, की शेजारचा विचारतोच, “काऊन रे, गप काऊन झाला?” एवढ्या एका वाक्यात त्याच्या ट्रेलची किंमत निम्म्यावर येते. दोघं तिथेच पॅक करतात.

उपाय चेहरा दगडासारखा करण्यात नाही. तेही लगेच दिसतं. उपाय आहे सगळ्या पानांना एकच रीत लावण्यात. पानं पाहायला सारखाच वेळ, पैसे टाकायची एकच पद्धत, सुरू असलेली गोष्ट तशीच पुढे चालू. आणि मुख्य म्हणजे एरवीही अधूनमधून चाल वाढवलेली असली पाहिजे. रात्रभर एक एक्का धरून पॅक करणारा माणूस ज्या डावात दुप्पट करतो, त्या डावात त्याला कोण पैसे देईल? हलक्या पानांवर कधीमधी घेतलेली जोखीम वाया गेली असं वाटतं, पण भारी पानांना गिऱ्हाईक मिळतं ते तिच्यामुळे.

पोकरमध्ये पानं बदलतात

तीनपत्तीत एकदा वाटलेली पानं शेवटपर्यंत तीच राहतात. ट्रेल आली ती ट्रेलच. हळू खेळलात तर फक्त कमाई घटते, हात हलका होत नाही. होल्डेम पोकरमध्ये तसं नाही. दोन पानं स्वतःची आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडणारी पाच पानं सगळ्यांची. प्रत्येक नव्या पानाने समोरच्याचा हात सुधारू शकतो.

तुमच्या हातात दोन अठ्ठ्या आहेत आणि टेबलावर पहिली तीन पानं पडली: बदाम अठ्ठी, बदाम राणी, इस्पिक तिर्री. तीन अठ्ठ्या झाल्या. समोरच्याकडे बदामाची दोन पानं असतील, तर त्याला रंग पुरा करायला आणखी एक बदाम हवं. उरलेल्या दोन पानांत ते येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. इथे गप्प बसून त्याला पुढचं पान फुकट दाखवणं म्हणजे आपला डाव आपल्या हाताने देणं. त्याला थांबायचं असेल तर पैसे देऊन थांबू दे. उलट टेबलावर अठ्ठी, तिर्री आणि राजा तीन वेगवेगळ्या रंगांचे पडले, तर समोरच्याला सुधारायला फारशी जागा नाही. तिथे थोडी सवड दिली तर चालते, कारण पुढच्या पानाने त्याची एखादी जोडी जमली तर ती आपल्याच कामाची.

होल्डेमच्या जाणकारांचा अनुभव असा, की गप्प बसण्याजोगे डाव कमी आणि पुढे होऊन पैसे लावण्याजोगे जास्त. हळू जाण्यासाठी तीन अटी एकदम जुळाव्या लागतात: आपल्याला मागे टाकणं जवळजवळ अशक्य असावं, मधली रक्कम अजून लहान असावी, आणि समोरच्याला पुढच्या पानाने दुसऱ्या क्रमांकाचा हात जमण्याची आशा असावी. एक अट सुटली तरी पैसे लावलेले बरे.

मेंढीकोटमधला बिनपैशाचा धडा

हेच सगळं पैशांशिवाय शिकायचं, तर घराघरांत खेळला जाणारा मेंढीकोट आहेच. चौघे, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकी तेरा पानं आणि सगळा जीव चार दश्श्यांत. चारही दश्श्या एकाच बाजूने ओढल्या की समोरच्यांवर मेंढीकोट. इथे भारी पानं म्हणजे एक्के, राजे आणि हुकूम, पण त्यांना स्वतःची किंमत शून्य. त्यांनी दश्शी पकडून आणली तरच ती कामाची.

समजा तुमच्याकडे किलवरचा एक्का, राजा आणि राणी आहेत. विरुद्ध बाजूच्या एकाकडे किलवरची दश्शी आहे आणि सोबत किलवरची दोनच लहान पानं. तुम्ही ओळीने तिन्हींची उतारी केलीत, तर तिसऱ्या हाताला त्याला दश्शी टाकावीच लागते, कारण रंग लावणं सक्तीचं. तिच्यासोबत तीन लहान पानं असती तर ती निसटली असती. आणि तुम्ही एक्का दाखवून मध्येच थांबलात, दुसऱ्या रंगात गेलात, तर त्याच्या भिडूचं किलवर संपायला वेळ मिळतो. पुढच्या वेळी तो तुमच्या राजावर हुकूम टाकतो. तुमची पानं तेवढीच भारी राहिली, फक्त समोरची परिस्थिती बदलली आणि दश्शी गेली. थांबण्याची किंमत इथेही शेवटी मोजावी लागते.

दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची

आतापर्यंतचा हिशेब ट्रेलवाल्याच्या बाजूने झाला. तो आता उलटा करून पाहू. ट्रेल किंवा प्युअर सिक्वेन्स यांचे प्रकार १००, कलरचे १,०९६. म्हणजे भारी पानं एकदा येतात तेवढ्यात कलर अकरा वेळा येतो. कलर हाती असताना बाकी चौघांपैकी कोणाकडे तरी सिक्वेन्स किंवा त्याहून वरचा हात असण्याची शक्यता सुमारे १४ टक्के. अकरा वेळांतल्या दीड वेळा. मोठ्या कलरकडून हरणं यात धरलेलंही नाही.

म्हणजे भारी पानं घेऊन वसुलीला बसायची संधी एकदा येते, तेवढ्यात आपला कलर दुसऱ्याच्या वसुलीत सापडण्याची वेळ साधारण दीड वेळा येते. बैठकीतल्या बढायांमध्ये तीन एक्क्यांची गोष्ट दहा वर्षं टिकते. कलरवर दिलेल्या पाच चालींची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यात दर डावाचा बूट आहे. नुसती ट्रेल धरली तर ती ४२५ डावांत एकदा येते. १० रुपयांच्या बुटाने तेवढ्या डावांचे ४,२५० रुपये आधीच मधे पडलेले असतात. मधल्या काळात लहानसहान डाव जिंकून त्यातले काही परत येतात, पण एका ट्रेलवर ते एकदम वसूल होतील ही आशा धरून बसणारा हिशेबात कच्चा.

भारी पानांचं मोल वसूल करायचा सगळा खटाटोप समोरच्याच्या एका चुकीवर उभा आहे: आपला बरा हात हाच सगळ्यात भारी हात आहे असं त्याला वाटावं. दुप्पट होत जाणारी चाल, नाकारलेला साइड शो, चालू राहिलेल्या गप्पा, सगळं त्यासाठीच. आणि ती चूक करायची पाळी प्रत्येकावर भारी पानांपेक्षा जास्त वेळा येते. कलर धरून बसलेल्या माणसासमोर कोणी शांतपणे तिसऱ्यांदा दुप्पट केली, तर त्याने वरचा सगळा हिशेब समोरच्याच्या बाजूने करून पाहावा. पुष्कळदा उत्तर पॅक असं येईल, आणि त्या पॅकने वाचलेले पैसे तीन एक्क्यांनी मिळवलेल्या पैशांइतकेच खरे असतात.